बालकांचा वैद्य : क्लेमेन्स फॉन पिर्के



गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी धाकटी बहीण आपल्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन कारवारहून उणकलला माहेरपणासाठी आली होती. एके दिवशी सकाळी तिने उकडलेले अंडे कुस्करून त्याचा पहिलाच घास बाळाला भरविला. पाच-दहा मिनिटेही लोटली नसतील, तोच बाळाचे ओठ सुजले, गालांवर व मानेवर लालभडक गांधी उठल्या आणि ते कळवळून रडू लागले. आम्ही दोघी भांबावून गेलो. रिक्षा करून हुबळीच्या एका इस्पितळात धावलो. औषधाने तासाभरात सूज ओसरली. तथापि डॉक्टरांनी काही आठवड्यांनी चाचणीसाठी पुन्हा बोलावले.

ती चाचणी मी जवळून पाहिली. बाळाला आईच्या मांडीवर पालथे निजविले होते. त्याच्या इवल्याशा पाठीवर पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब ठेवला गेला. एक थेंब अंड्याच्या अर्काचा, एक दुधाचा, एक शेंगदाण्याचा, एक हरभऱ्याचा, असे ते थेंब होते. त्यांच्या जोडीला एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हिस्टामीन नावाच्या द्रव्याचा होता. प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडीला किंचित टोचले, इतकेच. रक्त आले नाही. बाळ क्षणभर रडले आणि खुळखुळ्याने गप्प झाले. पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी पट्टीने मोजमाप घेतले. अंड्याच्या जागी चांगली मोठी गांध उठली होती. हरभऱ्याच्या जागीही लहानशी गांध होती. दूध व शेंगदाणा यांच्या जागी काही नव्हते.

माझ्या बहिणीने तत्क्षणी ठरवून टाकले, की आजपासून घरात हरभऱ्याची डाळ नको आणि बेसनही नको. परंतु डॉक्टरांनी तिला विचारले, की बाळाने यापूर्वी हरभरा खाल्ला आहे काय. त्याने वरणभाताबरोबर पिठले कितीतरी वेळा खाल्ले होते, आणि त्यास कधी काही झाले नव्हते. मग ते बंद करू नये, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. अंडे मात्र तूर्त पूर्ण वर्ज्य.

मला मोठे नवल वाटले. कातडीने दोन्ही ठिकाणी खूण दिली असताना एक पदार्थ वर्ज्य व्हावा आणि दुसरा खुशाल चालावा, हे कसे? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता मी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्हिएन्ना नगरीतील एका बालवैद्याच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले. आज घराघरांत ज्याचा उच्चार होतो तो ॲलर्जी हा शब्द त्याने घडविला, आणि लहान मुलांची त्वचा ही रोगाविषयी साक्ष देते, हे त्याने जगाला दाखविले. त्या क्लेमेन्स फॉन पिर्केचे चरित्र आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

क्लेमेन्सचा जन्म 12 मे 1874 रोजी व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटेन या गावी झाला. त्या काळी व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विस्तीर्ण साम्राज्याची राजधानी होती. पिर्के घराणे सरदारांचे. वडील पीटर हे राजकारणात मानाचे स्थान असलेले गृहस्थ होते, तर आई एका धनाढ्य पेढीवाल्या कुळातील होती. घरात कशाचीही वाण नव्हती. क्लेमेन्सचा धाकटा भाऊ गिडो हाही पुढे नावारूपास आला; अंतराळात अग्निबाणाने प्रवास कसा करता येईल याचे गणित मांडणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्याची गणना होते. एक भाऊ ग्रहांच्या वाटा मोजीत होता आणि दुसरा तान्ह्या मुलाच्या दंडावरील मिलिमीटरभर उंचवटा मोजीत होता, असे या घराचे भाग्य.

क्लेमेन्सने धर्मोपदेशक व्हावे, अशी प्रथम योजना होती. त्याप्रमाणे त्याने इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचे आणि बेल्जममधील लुव्हाँ येथे तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले. परंतु त्याचे मन त्यात रमेना. अखेर त्याने वैद्यकाची वाट धरली. सरदारघराण्यातील मुलाने रोग्यांच्या खाटांमधून हिंडावे, हे त्या काळच्या प्रतिष्ठेला फारसे मानवणारे नव्हते. पण क्लेमेन्सने आपला निश्चय ढळू दिला नाही. व्हिएन्ना, क्योनिग्सबर्ग व ग्राट्स येथे शिकून 1900 साली ग्राट्सच्या विद्यापीठातून तो वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला.

ग्राट्स येथे त्याला थिओडोर एशरिश यांच्यासारखा गुरू लाभला. आतड्यात वास करणाऱ्या एका सुप्रसिद्ध जंतूचा शोध एशरिश यांनी लावला होता. त्या जंतूला आजही त्यांचेच नाव आहे. 1902 साली एशरिश व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात गेले आणि पिर्केही तेथे काम करू लागला. तेथेच त्याला बेला शिक नावाचा, हंगेरीत जन्मलेला एक तरुण सहकारी मिळाला. दोघांचे स्वभाव व कुळे भिन्न. परंतु रुग्णाच्या खाटेपाशी बसून बारकाईने पाहण्याचा ध्यास दोघांचाही सारखाच होता.

त्या काळी मुलांच्या रोगांत घटसर्प हा अत्यंत भयंकर मानला जाई. घशात पडदा येऊन चिमुकली मुले गुदमरून दगावत. एमिल फॉन बेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावर उपाय काढला होता. घोड्याला घटसर्पाचे विष थोडथोडे टोचीत गेले, की त्याच्या रक्तात त्या विषावर मात करणारे द्रव्य तयार होते. मग त्या घोड्याच्या रक्ताचे पाणी, म्हणजे रक्तजल, काढून ते आजारी मुलाला टोचावयाचे. या उपायाने असंख्य बालके मरणाच्या दारातून परत आली, आणि बेरिंगला 1901 सालचे पहिले वैद्यकीय नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि या अमृताबरोबर एक कोडेही आले. मुलाचा घसा मोकळा होई, ते खेळू लागे. आणि आठ-दहा दिवसांनी एकाएकी त्याला ताप भरे, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत, गाठी सुजत. वैद्य गोंधळून जात. मूळ रोग बरा झालेला, मग हे नवे दुखणे कोठून आले? अनेकांनी ते रक्तजलातील काही दोषाचे लक्षण समजून सोडून दिले.

पिर्के व शिक यांनी ते सोडून दिले नाही. कोणत्या मुलाला कोणत्या दिवशी रक्तजल टोचले आणि कोणत्या दिवशी गांधी उठल्या, याची ते नोंद ठेवू लागले. त्या नोंदींतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. ज्या मुलाला प्रथमच रक्तजल टोचले त्याला सुमारे आठ ते बारा दिवसांनी त्रास होई. परंतु ज्याला काही काळापूर्वी एकदा टोचले होते, त्याला दुसऱ्या वेळी तोच त्रास त्याच दिवशी किंवा फार थोड्या दिवसांत होई. रक्तजल तेच, मात्राही तितकीच. मग बदलले काय? बदलले होते ते त्या मुलाचे शरीर!

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जे दिवस जातात, ते जंतूंना वाढण्यासाठी लागतात, अशी त्या वेळची समजूत होती. परंतु घोड्याच्या रक्तजलात जिवंत जंतू कोठे होते? ते तर वाढत नव्हते. तेव्हा पिर्केने असे अनुमान काढले, की ते दिवस शरीरालाच हवे असतात. परक्या द्रव्याची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करण्यात ते खर्ची पडतात; आणि ही प्रतिद्रव्ये व परके द्रव्य यांची गाठ पडली, की ताप व गांधी उद्भवतात. दुसऱ्या वेळी शरीर आधीच सज्ज असते, म्हणून विलंब लागत नाही. रोग्याला रोगापासून वाचविणारी शक्तीच कधी कधी त्याला दुखणे आणते, हा विचार त्या काळी धाडसाचाच होता. पिर्केने 1903 साली आपले हे मत लिहून एका मोहोरबंद पाकिटात व्हिएन्नाच्या विज्ञान परिषदेपाशी ठेवले. ते पाकीट 1908 साली उघडले गेले. दरम्यान 1905 साली पिर्के व शिक यांनी रक्तजलाच्या विकारावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

अशाच प्रकारचे नवल अन्यत्रही दिसत होते. फ्रान्समध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी सागरी प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले होते. पहिल्या मात्रेतून सावरलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेने तडकाफडकी मरण पावला. वास्तविक पहिल्या मात्रेने त्याचे संरक्षण व्हावयास हवे होते, झाले उलटेच. उलटपक्षी, एकदा देवीची लस टोचलेल्या मुलाला पुन्हा लस टोचली तर हातावरची खूण लवकर उठते, पण लहान राहते आणि लवकर बरी होते, हे पिर्के दिवसामागून दिवस पाहत होता. एका ठिकाणी संरक्षण, तर दुसऱ्या ठिकाणी अपाय. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच सत्य होते, की एकदा ओळख झाली म्हणजे शरीर पूर्वीप्रमाणे वागत नाही.

या बदललेल्या वागण्याला नाव नव्हते. पिर्केने ग्रीक भाषेतील दोन शब्द घेतले; एकाचा अर्थ अन्य आणि दुसऱ्याचा कार्य. त्यांच्या जोडणीतून 1906 साली म्यूनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकातील छोट्याशा लेखात त्याने ॲलर्जी हा शब्द जगापुढे ठेवला. आरंभी अनेक विद्वानांना तो निष्कारण वाटला. पुढे मात्र तो इतका रुळला, की आज तो कोणत्याही भाषेला परका राहिलेला नाही. आपल्या मराठीत वावडे हा जुना, सुंदर शब्द आहे; कोणाला वांग्याचे वावडे, तर कोणाला कोळंबीचे. परंतु पिर्केचा अर्थ वावड्याहून व्यापक होता. शरीराची बदललेली प्रत्येक प्रतिक्रिया, मग ती हितकर असो वा अहितकर, त्यात येत होती. लोकांनी पुढे त्यातील अहितकर तेवढे उचलले.

आता ज्या चाचणीमुळे पिर्केचे नाव सर्वत्र झाले तिच्याकडे वळू. त्या काळी युरोपातील शहरांत क्षयरोगाने थैमान घातले होते. रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली क्षयाचे जंतू शोधले आणि 1890 साली ट्युबरक्युलिन नावाचा अर्क क्षयावरील औषध म्हणून पुढे आणला. औषध या नात्याने तो फसला आणि लोकांची घोर निराशा झाली. टाकून दिलेल्या या वस्तूत पिर्केला निराळाच उपयोग दिसला. ज्याच्या शरीराची क्षयाच्या जंतूंशी गाठ पडली आहे, त्याचे शरीर बदललेले असणार. मग त्याच्या त्वचेवर या अर्काचा अंश ठेवला तर ती उत्तर देईल काय?

त्याने मुलाच्या हातावर ट्युबरक्युलिनचे दोन थेंब काही अंतरावर ठेवले आणि एका बारीक उपकरणाने त्या थेंबांतून कातडीला किंचित खरवडले. दोहोंच्या मधोमध अर्काविना तसाच एक ओरखडा काढला. मित्रहो, या मधल्या ओरखड्याकडे विशेष लक्ष द्या. नुसत्या खरवडण्यानेच कातडी लाल झाली असेल, तर ते या कोऱ्या ओरखड्यावरून कळावे, अशी ती योजना होती. प्रामाणिक चाचणीत तुलनेसाठी असा एक साक्षीदार हवाच. माझ्या भाच्याच्या पाठीवरील मिठाच्या पाण्याचा थेंब हा त्याच साक्षीदाराचा वंशज होय. एक-दोन दिवसांनी अर्काच्या जागी लाल उंचवटा दिसला, तर त्या मुलाच्या शरीरात क्षयाचे जंतू कधी ना कधी शिरले होते, असे समजावयाचे. पिर्केने हे संशोधन 1907 साली बर्लिन येथे वैद्यांच्या सभेपुढे मांडले आणि लवकरच ही चाचणी देशोदेशी केली जाऊ लागली.

पिर्केचे खरे मोठेपण मात्र चाचणी शोधण्यात जितके आहे तितकेच तिचा अर्थ लावण्यात आहे. शेकडो मुलांची चाचणी करताना त्याला आढळले, की शहरातील मोठ्या मुलांपैकी बहुसंख्यांच्या हातावर उंचवटा उठतो. परंतु ती सारी मुले काही आजारी नसतात. जंतू आले, शरीराने त्यांना आवरले, खूण तेवढी राहिली. उलट, वर्षाच्या आतील तान्ह्या मुलाच्या हातावर उंचवटा उठला, तर ती गंभीर गोष्ट. कारण त्याच्या आयुष्याचे दिवसच इतके थोडे, की जंतूंचा शिरकाव नुकताच झालेला असणार आणि रोग बळावण्याचा धोका मोठा. तान्ह्या मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याची त्वचा त्याच्यावतीने बोलते. परंतु तीच खूण सात वर्षांच्या मुलाच्या हातावर निराळे बोलते आणि सात महिन्यांच्या बाळाच्या हातावर निराळे. एवढेच नव्हे, तर खूण न उठणे हीही नेहमी सुखाची वार्ता नसते. गोवराची साथ असताना, पूर्वी ज्यांच्या हातावर उंचवटा उठत असे त्याच मुलांच्या हातावर तो काही दिवस उठत नाही, हे पिर्केने 1908 साली दाखवून दिले. गोवर शरीराची प्रतिकारशक्ती मलूल करतो, ही आज सर्वमान्य झालेली गोष्ट या निरीक्षणात प्रथम स्पष्ट झाली.

1908 सालीच फ्रान्समधील शार्ल मांतू यांनी ट्युबरक्युलिन त्वचेवर खरवडण्याऐवजी सुईने त्वचेच्या थरात टोचण्याची सुधारित रीत काढली. ती आजही मांतू चाचणी या नावाने प्रचलित आहे. आपल्या देशात 1948 साली मदनपल्ली येथे क्षयप्रतिबंधक बीसीजी लस देण्यास आरंभ झाला आणि 1951 पासून तिची देशव्यापी मोहीम निघाली. त्या मोहिमेत प्रथम मुलांच्या हातावर ट्युबरक्युलिनची चाचणी घेत आणि ज्यांच्या हातावर खूण उठत नसे, त्यांना लस देत. तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा. शाळेच्या पटांगणात रांगेत उभे राहून हात पुढे केल्याचे त्यांच्यापैकी कोणाला तरी आठवत असेल. आज ही लस नवजात बालकाला चाचणीवाचूनच देतात.

अन्नाच्या वावड्यासाठी त्वचेची चाचणी करण्याची वाटही लवकरच रुळली. इंग्लंडमधील चार्ल्स ब्लॅकली यांनी एकोणिसाव्या शतकातच गवताचे पराग स्वतःच्या हातावर घासून आपल्या शिंकांचे कारण शोधले होते. 1912 साली न्यूयॉर्कचे बालवैद्य ऑस्कर श्लॉस यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. अंडी, बदाम व ओट खाताच त्याच्या अंगावर गांधी उठत. श्लॉस यांनी निरनिराळ्या पदार्थांनी त्याची त्वचा खरवडून पाहिली आणि नेमके अपायकारक पदार्थ वेगळे काढले. शरीरातील ज्या प्रतिद्रव्यामुळे अशी तत्काळ गांध उठते, त्याचा शोध मात्र 1966-67 साली लागला. अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिश यांनी तो स्वतंत्रपणे लावला. त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई असे नाव मिळाले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. अंड्याची गांध पंधरा मिनिटांत उठते, ती या प्रतिद्रव्यामुळे. ट्युबरक्युलिनचा उंचवटा दोन दिवसांनी दिसतो, तो रक्तातील पांढऱ्या पेशींमुळे. दोन्ही बदललेल्या प्रतिक्रियाच, परंतु त्यांच्या वाटा निराळ्या.

पुन्हा पिर्केच्या चरित्राकडे येऊ. 1909 साली तो अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालवैद्यकाचा प्राध्यापक झाला. पुढील वर्षी ब्रेस्लाऊ येथील पद स्वीकारून तो युरोपात परतला. 1911 साली गुरू एशरिश निवर्तले आणि त्यांच्या जागी व्हिएन्नाच्या विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचा प्रमुख म्हणून पिर्केची नेमणूक झाली. वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो आपल्या क्षेत्रातील सर्वोच्च स्थानी पोहोचला होता. सहकारी शिक यानेही 1913 साली घटसर्पाची त्वचेवरील चाचणी शोधून कीर्ती मिळविली.

आणि मग महायुद्ध आले. 1914 ते 1918 या चार वर्षांत जुने साम्राज्य मोडून पडले. व्हिएन्नात दूध नाही, पीठ नाही, कोळसा नाही, अशी दैना झाली. हाडांचे सापळे झालेली मुले रुग्णालयाच्या दाराशी येऊ लागली. अशा वेळी पिर्केने आपली प्रयोगशाळा बाजूला सारली. जी बुद्धी त्याने कातडीवरील खुणा मोजण्यास लावली होती, तीच आता मुलांच्या भुकेचे माप घेण्यास लावली. एक ग्रॅम दुधात जितके पोषण असते तितके एक माप धरून प्रत्येक अन्नाचे मोल त्याने दुधाच्या हिशेबात मांडले; या मापाला त्याने नेम असे नाव दिले. मुलाची बैठी उंची व वजन यांवरून ते किती उपाशी आहे हे ठरविण्याची रीतही त्याने बसविली. युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीने ऑस्ट्रियात मुलांसाठी जी अन्नछत्रे निघाली, त्यांची व्यवस्था पिर्केकडे सोपविण्यात आली. लक्षावधी मुलांच्या मुखी रोज गरम अन्न पडले. जो मुलगा जितका खंगलेला, त्याला तितका आधी घास, हा तेथील नियम होता. त्याच्या गणिताच्या रीती पुढे मागे पडल्या. परंतु त्या घासांनी वाचलेली मुले मोठी झाली, ही गोष्ट कोणास पुसता येणार नाही.

नोबेल पारितोषिकासाठी पिर्केचे नाव अनेकदा सुचविले गेले, पण ते त्याला लाभले नाही. ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्याच्या नावाचा विचार झाला होता. बाहेरून पाहता मान होता, कीर्ती होती. परंतु माणसाच्या अंतरीचे दुःख कातडीवर उमटत नाही. 1904 साली कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध त्याने मारिया हिच्याशी विवाह केला होता. 28 फेब्रुवारी 1929 रोजी पिर्के व मारिया या दोघांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्या वेळी तो अवघा चोपन्न वर्षांचा होता. ज्याने सहस्रावधी मुलांच्या न बोललेल्या वेदना ओळखल्या, त्याची वेदना वेळीच ओळखणारा कोणी भेटला नाही, हे वाचून मन विषण्ण होते. मित्रहो, मनावर मळभ दाटले तर ते आई-वडिलांपाशी, गुरुजनांपाशी वा वैद्यापाशी बोलून दाखवावे. त्यात कमीपणा नाही, हेही या चरित्रातून शिकण्यासारखे आहे. ऑस्ट्रियाने आपल्या या पुत्राची स्मृती जपली असून 2010 साली त्याच्या सन्मानार्थ सोन्याचे नाणे काढले.

आता माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर तुमच्या ध्यानी आलेच असेल. त्वचेवरील गांध एवढेच सांगते, की या शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे आणि त्याने प्रतिद्रव्य तयार केले आहे. ती ओळख वैराची आहे किंवा नाही, हे मूल तो पदार्थ खाल्ल्यावर काय होते यावरूनच ठरते. मोठ्या मुलांच्या हातावरील उंचवटा म्हणजे आजार नव्हे, हा पिर्केने शिकविलेला धडा तो हाच. म्हणूनच आज बालवैद्य प्रथम आईला प्रश्न विचारतात, मग चाचणी करतात, आणि तरीही संशय उरला तर आपल्या देखरेखीखाली, तातडीची औषधे हाताशी ठेवून, मुलाला तो पदार्थ अल्प प्रमाणात खाऊ घालून पाहतात. हीच शेवटची कसोटी होय. चाचणीसाठी बाळ लहान आहे असे नसते. मात्र अगदी तान्ह्या वयात गांध लहान उठते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागते.

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. केवळ कागदावरील खुणा पाहून दूध, डाळी, गहू, शेंगदाणे असे एकेक अन्न बाळाच्या ताटातून काढीत गेले, तर वावडे राहील बाजूला आणि बाळ खंगू लागेल. भुकेल्या मुलांसाठी आयुष्याची वर्षे वेचणाऱ्या पिर्केला याहून दुःखद गोष्ट कोणती वाटली असती? शिवाय अन्न टाळल्यानेच वावडे टळते, हा समजही खरा नाही. लंडनमधील 640 तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना इसब किंवा अंड्याचे वावडे होते अशी बाळे निवडून त्यांची प्रथम त्वचेवर चाचणी घेतली; मग काहींना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला आणि काहींना तो वर्ज्य केला. पाचव्या वर्षी पाहता, ज्यांनी तो खाल्ला त्यांच्यात शेंगदाण्याचे वावडे सुमारे चार-पंचमांशाने कमी आढळले. अर्थात अख्खा दाणा तान्ह्या मुलाच्या घशात अडकण्याचे भय असते. तो मऊ वाटूनच द्यावा लागतो, आणि इसब असलेल्या बाळाला तो वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावा.

याचा अर्थ खऱ्या वावड्याकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. एखादा पदार्थ खाताच बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, वारंवार वांती झाली, श्वास लागला किंवा ते निपचित पडले, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे. आणि पुन्हा थोडे देऊन पाहू, असा प्रयोग घरी कधीही करू नये.

आपल्या भागातही पिर्केच्या शब्दाची साक्ष पावलोपावली सापडते. 1955-56 च्या सुमारास पुण्याकडे प्रथम लक्षात आलेले आणि पुढे देशभर पसरलेले काँग्रेस गवत आपल्याकडेही माळावर, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांनी डवरलेले दिसते. ते उपटताना कित्येकांच्या हातांवर खाज व चट्टे उठतात; तेही बदललेल्या प्रतिक्रियेचेच उदाहरण होय. त्याची चाचणी निराळी असते. पाठीवर पट्टी चिकटवून दोन दिवसांनी ती पाहतात. मुंबईतील संशोधकांनी हरभरा हाही आपल्याकडील एक महत्त्वाचा वावड्याचा पदार्थ असल्याचे 2001 साली दाखविले आहे. तेव्हा माझ्या भाच्याच्या पाठीवर डॉक्टरांनी हरभऱ्याचा थेंब ठेवला, तो उगाच नव्हे.

तो भाचा आता वर्षाचा झाला आहे. पिठले तो मिटक्या मारीत खातो. अंडे घरात येत नाही. परंतु ते कायमचे वर्ज्य राहीलच असे नाही. पुष्कळ मुलांचे अंड्याचे वावडे वाढत्या वयाबरोबर नाहीसे होते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा चाचणी करावयाची आहे. परवा संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन मी उणकलच्या तळ्याकाठी गेले होते. मावळतीचा प्रकाश पाण्यावर पसरला होता आणि बाळ तळ्यातील बदकांकडे पाहून टाळ्या वाजवीत होते. त्याच्या पाठीवरील पेनाच्या खुणा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. परंतु एका परक्या देशातील बालवैद्याने शंभर वर्षांपूर्वी काढलेला तो कोरा ओरखडा माझ्या मनातून पुसला गेला नव्हता.

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढे वैद्य व्हाल, काहीजण शिक्षक, शेतकरी वा व्यापारी व्हाल. कोणीही झालात तरी पिर्केपासून एवढे अवश्य घ्या. जे इतरांनी किरकोळ म्हणून सोडून दिले, ते नीट पाहा व लिहून ठेवा. तुलनेसाठी एक कोरी जागा नेहमी राखा. आणि एखादी खूण दिसताच निकाल देऊ नका. ती कोणाच्या हातावर उमटली आहे, हे आधी विचारा.